पगार खात्याचं कार्ड घरी, खरेदीला क्रेडिट कार्ड: नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

२०१९ च्या ऑगस्टमधली गोष्ट. रविवारी सकाळी ऐरोलीच्या भाड्याच्या खोलीत जाग आली तेव्हा फोनवर बँकेचे तीन मेसेज होते. कुठल्याशा परदेशी वेबसाइटवर माझ्या डेबिट कार्डाने तीन खरेद्या झाल्या होत्या, मिळून ३८ हजार रुपयांच्या. ओटीपी आला नव्हता, मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. पगार जमा होऊन तीनच दिवस झाले होते आणि भाडं ५ तारखेला द्यायचं होतं. कार्ड लगेच ब्लॉक केलं, तक्रार नोंदवली. पैसे परत आले, पण त्यात दोन आठवडे गेले आणि त्या महिन्याचं भाडं मी ऑफिसमधल्या मैत्रिणीकडून उसने घेऊन भरलं.

चार वर्षांनी वाशीतल्या एका दुकानात वॉशिंग मशीन घेत होते. स्वाइप मशीनवर ‘व्यवहार झाला नाही’ असं आलं, दुकानदाराने पुन्हा कार्ड लावलं आणि २१,५०० रुपये दोनदा गेले. या वेळी कार्ड क्रेडिट होतं. मी बँकेकडे वाद नोंदवला, बँकेने तेवढी रक्कम बिलातून बाजूला ठेवली आणि तीन आठवड्यांत प्रश्न मिटला. तेवढ्या दिवसांत माझ्या बचत खात्यातला एक रुपयाही हलला नाही. भाडं, आरडीचा हप्ता, आईला पाठवायचे पैसे, सगळं वेळेवर गेलं.

फसवणुकीपासून संरक्षण देणारे रिझर्व्ह बँकेचे नियम दोन्ही कार्डांना लागू आहेत. चौकशी चालू असताना कोणाचे पैसे अडकतात, एवढाच फरक. डेबिट कार्डात तुमचे, क्रेडिट कार्डात बँकेचे. मी रोजची खरेदी क्रेडिट कार्डावर नेली ती याच कारणासाठी. खर्चावर मिळणारे पॉइंट आणि कॅशबॅक नंतर आले. मात्र यासाठी एक अट पाळावी लागते, ती म्हणजे बिल दर महिन्याला पूर्ण भरायचं. ते जमणार नाही असं मनात कुठेही वाटत असेल तर डेबिट कार्ड आणि यूपीआयच वापरत राहा, त्यात काहीही कमीपणा नाही.

माझ्या बाबांना ‘उधारीचं कार्ड’ हा शब्दच आवडला नव्हता. मी त्यांना वाण्याच्या वहीची आठवण करून दिली. सांगलीत आमचं महिन्याचं सामान वहीवर यायचं आणि पगाराच्या दिवशी बाबा घरी येण्याआधी दुकानात जाऊन वही मिटवायचे. बाकी पुढच्या महिन्यात नेलेली मी कधी पाहिली नाही. कार्ड तसंच वापरायचं आहे.

१. अर्जाआधी स्वतःचा खर्च मोजा

मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा. किराणा, पेट्रोल, वीज, गॅस, औषधं, मोबाइल यांची बेरीज करून सरासरी काढा. माझी १४ हजार आली. कार्डावर दर महिन्याला तेवढाच खर्च करायचा, मग बँक लिमिट कितीही देवो. बँकेने मला पहिलं लिमिट ९० हजारांचं दिलं होतं. तो आकडा बघून आपल्याकडे ९० हजार आहेत असं वाटायला लागतं, आणि अडचणींची सुरुवात तिथूनच होते.

बचत खात्यात एका महिन्याच्या बिलाएवढी रक्कम वेगळी राखलेली हवी. ती नसेल तर आधी दोन महिने थांबून ती साठवा.

याच वेळी सिबिलचा, म्हणजे कोणी किती कर्ज घेतलं आणि कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा, अहवाल काढून पाहा. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या इतर तीन संस्थांकडूनही मिळतो. त्या नोंदीवरून दिलेला स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. आजवर कर्ज किंवा कार्ड घेतलंच नसेल तर स्कोअर दिसणार नाही, त्याने घाबरू नका. तुम्ही न घेतलेलं कर्ज तुमच्या नावावर दिसतंय का, हे मात्र नीट तपासा. तसं असेल तर आधी त्याची तक्रार करा, कार्डाचं नंतर बघू.

२. पहिलं कार्ड साधं निवडा

पगार ज्या बँकेत येतो तिच्या ॲपमध्ये आधी बघा. तुमचं उत्पन्न त्यांना दिसतंच, त्यामुळे कागद कमी लागतात. वार्षिक शुल्क नसलेलं कार्ड मागा. ‘पहिलं वर्ष मोफत’ आणि ‘आयुष्यभर मोफत’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लेखी काय आहे ते वाचा. विमानतळावरचा लाउंज, सिनेमाची तिकिटं यासाठी शुल्काचं कार्ड घेऊ नका. निदान पहिल्या वर्षी तरी नको.

पगाराची स्लिप नसेल, म्हणजे तुम्ही नुकतेच शिकून बाहेर पडला असाल, घर सांभाळत असाल किंवा छोटा धंदा असेल, तर मुदत ठेवीवरचं कार्ड मिळतं. ठेव बँकेकडे तारण राहते, तिच्यावर व्याज चालू राहतं आणि ठेवीच्या रकमेच्या आसपास लिमिट मिळतं. माझ्या वहिनीने याच मार्गाने सुरुवात केली. मला स्वतःला नवख्यांसाठी हाच सगळ्यात सुरक्षित रस्ता वाटतो, कारण लिमिट आपोआप आवाक्यात राहतं.

शक्य असेल तर कार्ड रुपेचं, म्हणजे व्हिसा-मास्टरकार्डसारख्याच भारतीय नेटवर्कचं घ्या. कारण सातव्या पायरीत येईल.

मॉलमधल्या टेबलावर किंवा स्टेशनबाहेर बॅग भेट देऊन फॉर्म भरून घेणाऱ्यांकडे अर्ज करू नका. तिथे घाईत पॅन आणि आधारच्या प्रती हातातून जातात आणि एकाऐवजी तीन बँकांकडे अर्ज गेल्याचं नंतर कळतं. प्रत्येक अर्जाची चौकशी क्रेडिट अहवालात नोंदली जाते आणि थोड्या दिवसांत बऱ्याच चौकशा झाल्या की स्कोअर घसरतो.

३. कागदपत्रं

- पॅन कार्ड
- आधार, आणि त्याला जोडलेला चालू मोबाइल नंबर
- शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिप. स्वतःचा व्यवसाय असेल तर आयकर विवरणपत्र
- तीन ते सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट
- सध्याच्या पत्त्याचा पुरावा: नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार किंवा नावावरचं वीज वा गॅस बिल
- पासपोर्ट आकाराचा फोटो

बाहेरगावाहून आलेल्यांच्या आधारवर गावचा पत्ता असतो. करार नोंदणीकृत नसेल तर इथेच अडतं. घरमालकाकडे नोंदणीचा आग्रह धरा, नोंदणीकृत करार पुढे गॅस कनेक्शनपासून सगळीकडे कामी येतो.

४. पत्ता लिहिताना

नवी मुंबईत राहणाऱ्यांनी हे नक्की वाचा. इथे प्रत्येक नोडचे, म्हणजे वाशी, नेरुळसारख्या उपनगराचे, सेक्टर नव्याने सुरू होतात. सेक्टर ८ वाशीतही आहे, नेरुळमध्येही, ऐरोलीतही आणि कोपरखैरण्यातही. फॉर्ममध्ये नुसतं ‘सेक्टर ८, नवी मुंबई’ लिहिलंत तर कार्ड भलत्याच नोडमध्ये फिरून परत जाईल. सोसायटीचं नाव, विंग, प्लॉट नंबर, सेक्टर, नोड, जवळची खूण आणि बरोबर पिनकोड असं सगळं लिहा. ठाण्यात घोडबंदर रोडला मोठ्या संकुलात राहत असाल तर टॉवरचं नाव विसरू नका.

कार्ड बहुतेक वेळा स्वतःच्या हातात, ओळखपत्र दाखवूनच मिळतं. दिवसभर घरी कोणी नसेल तर ऑफिसचा पत्ता द्या. सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे ठेवायला सांगू नका.

५. कार्ड हातात आल्यावर पहिल्या तासात

पाकीट फाटलेलं किंवा पुन्हा चिकटवलेलं वाटलं तर घेऊ नका. ठीक असेल तर त्याच बैठकीत एवढं करा.

ॲपमध्ये पिन ठरवा. मग व्यवहारांचे स्विच बघा. २०२० पासूनच्या नियमानुसार नवं कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएम आणि स्वाइप मशीनवर चालतं. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून पैसे देण्याची सोय आपण स्वतः चालू करायची असते. ऑनलाइन चालू करा, परदेशी बंदच राहू द्या. परदेशी वेबसाइटवर ओटीपीशिवायही पैसे जाऊ शकतात, माझे ३८ हजार तसेच गेले होते. टॅप करून ५ हजारांपर्यंत पिन न घालता पैसे जातात. मी ती मर्यादा ॲपमध्ये १ हजारावर आणून ठेवली आहे. रोजची एकूण मर्यादाही कमी करा. मोठी खरेदी असेल त्या दिवशी वाढवायची, संध्याकाळी परत खाली आणायची.

मग ऑटोपे. बचत खात्यातून बिल आपोआप भरण्याची सोय लावताना दोन पर्याय येतात: ‘टोटल अमाउंट ड्यू’ आणि ‘मिनिमम अमाउंट ड्यू’. टोटल निवडा. काही ठिकाणी मिनिमम आधीच निवडलेलं असतं आणि घाईत नजर चुकते. आणखी एक गोष्ट, ऑटोपेची नोंदणी पूर्ण व्हायला वेळ लागतो, त्यामुळे पहिलं बिल बऱ्याचदा त्यातून सुटतं. पहिलं बिल स्वतः भरा.

तीस दिवसांत कार्ड सुरू केलं नाही तर बँकेला तुमची ओटीपीने संमती घ्यावी लागते, नाहीतर ते बंद करावं लागतं. मागितलं नसताना कार्ड आलं असेल तर सरळ संमती देऊ नका.

६. बिल वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. माझ्या ओळखीतल्या ज्यांना कार्डाने त्रास झाला, त्या प्रत्येकाचं गाडं इथेच अडलं होतं.

दोन तारखा लक्षात ठेवायच्या. बिल बनतं ती स्टेटमेंटची तारीख आणि पैसे भरायची शेवटची ती ड्यू डेट. समजा स्टेटमेंट १८ तारखेला बनतं आणि ड्यू डेट पुढच्या महिन्याची ७ आहे. १७ जूनला केलेली खरेदी १८ जूनच्या बिलात येते आणि ७ जुलैला भरायची असते, म्हणजे २० दिवस मिळाले. १९ जूनची खरेदी मात्र १८ जुलैच्या बिलात जाते आणि ७ ऑगस्टला भरायची असते, म्हणजे ४९ दिवस. एवढे दिवस बिनव्याजी मिळतात. पगार १ तारखेला होत असेल तर ५ ते १० च्या दरम्यानची ड्यू डेट सोयीची. तशी नसेल तर बँकेला सांगून बिलाचं चक्र बदलता येतं. किमान एकदा ती संधी देणं बँकेला बंधनकारक आहे.

आता मिनिमम अमाउंट ड्यूबद्दल. बिलावर ३०,००० च्या खाली ‘किमान १,५००’ असा आकडा दिसतो आणि एवढे भरले की झालं, असं वाटतं. हिशोब करून पाहू. ५ जूनला ३० हजारांची खरेदी केली, १८ जूनला बिल आलं, ७ जुलैला १,५०० भरले. कार्डाचं व्याज साधारण महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. काही कार्डांवर त्याहूनही जास्त असतं. पूर्ण बिल न भरल्यामुळे बिनव्याजी दिवस रद्द होतात आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून, म्हणजे ५ जूनपासून मोजलं जातं. ७ जुलैपर्यंत ३२ दिवसांचं पूर्ण ३० हजारांवर, पुढे १८ जुलैपर्यंत ११ दिवसांचं २८,५०० वर. व्याज झालं साधारण १,४६५ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, २६४ रुपये. १८ जुलैच्या बिलावर बाकी दिसते सुमारे ३०,२२९.

दीड हजार भरूनही देणं वाढलेलं आहे. शिवाय बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज घेतलेल्या दुधाच्या पिशवीवर आजपासून व्याज. पूर्वी ग्राहक आयोगाने कार्डाच्या व्याजावर वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. त्यामुळे व्याज कोणीतरी कमी करील या आशेवर राहू नका.

एखाद्या महिन्यात पैसे कमी पडलेच तर? सोनं मोडा, ठेव मोडा, घरच्यांकडून घ्या, पण बाकी मिटवा. ४२ टक्क्यांपुढे ठेवीचं व्याज किंवा मोडण्याचा दंड काहीच नाही. आणि ड्यू डेट नुसती विसरली असेल तर लगेच भरा. ड्यू डेट उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले तरच बँक थकबाकी म्हणून क्रेडिट संस्थांना कळवू शकते आणि विलंब शुल्क लावू शकते.

स्टेटमेंट आलं की मी चहा घेऊन बसते आणि प्रत्येक ओळ वाचते. दहा मिनिटं लागतात. न मागितलेला विमा, ‘कार्ड प्रोटेक्शन’, फुकट चाचणीनंतर सुरू झालेली वर्गणी या गोष्टी तिथेच सापडतात.

७. कुठे वापरायचं, कुठे नाही

सुपरमार्केटमधला महिन्याचा किराणा, औषधांचं दुकान, मोबाइल, ऑनलाइन खरेदी आणि पेट्रोल एवढ्याने माझं बिल बनतं. पेट्रोलवर एक टक्का अधिभार लागतो आणि ठरावीक रकमेच्या व्यवहारांवर तो परत मिळतो. त्यावरचा जीएसटी बहुधा मिळत नाही. पंपावर कार्ड नजरेआड नेऊ देऊ नका, मशीन गाडीपाशी मागवा.

महावितरणचं बिल किंवा महानगर गॅसचं बिल भरताना शेवटच्या पानावर जादा शुल्क दिसतंय का बघा. दिसलं तर तिथून मागे या आणि यूपीआयने भरा.

रुपे क्रेडिट कार्ड यूपीआय ॲपला जोडता येतं, २०२२ पासून. त्यामुळे स्वाइप मशीन नसलेल्या छोट्या दुकानातही क्यूआर स्कॅन करून कार्डावर खर्च टाकता येतो. पण हे फक्त दुकानदाराच्या व्यापारी क्यूआरवर चालतं. जांभळी नाक्याच्या बाजारात भाजीवाल्या मावशींचा क्यूआर त्यांच्या स्वतःच्या खात्याचा असतो, तिथे क्रेडिट कार्डाचा पर्यायच येत नाही. मैत्रिणीला पैसे पाठवतानाही नाही. भाजी, रिक्षा, वडापाव यांचे पैसे मी साध्या यूपीआयने किंवा रोखच देते. वीस-तीस रुपयांच्या शंभर ओळी बिलात आल्या की ते वाचायचा कंटाळा येतो, आणि बिल वाचणं सुटलं की पकड सुटली.

‘कार्ड असेल तर दोन टक्के जास्त’ असं काही दुकानदार म्हणतात. वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये वर्षाचे गहू-तांदूळ घेतानाही मला हे ऐकायला मिळालं. क्रेडिट कार्डाच्या व्यवहारावर दुकानदाराला बँकेला पैसे द्यावे लागतात, तर रुपे डेबिट कार्ड आणि साध्या यूपीआयवर २०२० पासून काही द्यावं लागत नाही. घाऊक धंद्यात मार्जिनच दोन-तीन टक्के असतं. तिथे वाद घालू नका, यूपीआय करा. तुमच्या पॉइंटची किंमत खर्चाच्या अर्धा-एक टक्क्याच्या आसपास असते. दोन टक्के जादा देऊन ते मिळवण्यात अर्थ नाही.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे कधीही काढू नका. शुल्क वेगळं, आणि व्याज पहिल्या दिवसापासून. कुठल्या ॲपवर कार्डाने भाडं भरण्याची सोय दिसली तरी टाळा, त्यावर शुल्क लागतं. ‘नो कॉस्ट ईएमआय’, म्हणजे बिनव्याजी म्हणून दिले जाणारे हप्ते, घेण्याआधी प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी विचारा.

लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत खर्च राहिला तर स्कोअरला बरं. लिमिटच कमी असेल तर महिन्याच्या मध्ये, बिल बनण्याआधीच थोडे पैसे भरून टाका.

८. काही बिनसलं तर

न केलेल्या व्यवहाराचा मेसेज आला की आधी ॲपमधून कार्ड ब्लॉक करा, मग बँकेच्या हेल्पलाइनला फोन. नंबर कार्डाच्या मागे असतो; कार्ड हरवलं तर तोही हरवेल, म्हणून आजच फोनमध्ये आणि घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर फोन करू नका, त्यातले कितीतरी भामट्यांचे असतात.

तुमची आणि बँकेची दोघांचीही चूक नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलंत तर तुमची जबाबदारी शून्य, असा रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७ चा नियम आहे. मेसेज आला तो दिवस त्यात धरत नाहीत. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत नुकसान तुमच्यावर येतं. कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा दाखवायची असते आणि ९० दिवसांत तक्रारीचा निकाल लावायचा असतो. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. मात्र ओटीपी स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. ‘तुमचे पॉइंट आज संपणार’ हा मेसेज आणि व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी) हे सध्याचे दोन मोठे सापळे. दोन्ही न उघडता पुसून टाका.

पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवरही लगेच कळवा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी रिझर्व्ह बँकेचा नंबर १४४४८.

९. कार्ड बंद करायचं झालं तर

वर्षभर वापरून पाहा. खर्च वाढलेला दिसला, बिलाची तारीख जवळ आली की पोटात गोळा येत असेल, तर कार्ड बंद करा. आधी बाकी शून्य करा, जमलेले पॉइंट वापरून टाका, कार्डावर लावलेल्या वर्गण्या दुसरीकडे हलवा आणि मग ॲपमधून किंवा ईमेलने लेखी विनंती करा. बाकी नसेल तर सात कामाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करायचं असतं. उशीर झाला तर दर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे असतात. फोनवर ‘शुल्क माफ करतो, ठेवा’ असं सांगून दिवस ढकलले जातात, म्हणून विनंतीची तारीख लेखी असू द्या. बंद झाल्याचं पत्र जपून ठेवा, कार्ड चिपमधून आडवं कापा आणि दोन महिन्यांनी सिबिलच्या अहवालात त्या कार्डापुढे ‘बंद’ लिहिलंय ना ते बघा.